ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व!

येशू ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व ६ ते ४ या काळात कधीतरी झाला. ही छपाईची चूक नाही, बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्षच तो आहे. ज्याच्या जन्मापासून जग वर्षे मोजते, त्याचाच जन्म त्या मोजणीच्या आधी जाऊन पडला आहे. आणि त्याला मागे सरकवण्याचा पहिला पुरावा बायबलमध्येच सापडतो.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान. चौघांनी येशूचे चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिले, पण तारीख एकानेही घातली नाही. गादीवर कोण होता, कोणता सण जवळ आला होता, शेतात काय पिकले होते, कोंबडा कधी आरवला, एवढेच धागे त्यांनी मागे ठेवले. त्यांवरून घटनांचा क्रम लावण्याचा उद्योग अठराशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भिक्षू, खगोलशास्त्रज्ञ, बिशप, अगदी न्यूटनसुद्धा त्यात रमला. त्या शोधातल्या या काही रंजक गोष्टी.

ईस्टरच्या तक्त्यातून निघालेला सन

इ.स. ५२५ मध्ये रोममधला डायोनिशियस एक्झिगुअस नावाचा भिक्षू पुढच्या वर्षांतल्या ईस्टरच्या तारखांचे तक्ते करत होता. तोवरच्या तक्त्यांत वर्षे मोजली जात ती सम्राट डायोक्लेशियनच्या कारकिर्दीपासून, आणि या सम्राटाने तर ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला होता. छळ करणाऱ्याची आठवण ईस्टरच्या तक्त्यात कशाला जपायची, म्हणून डायोनिशियसने प्रभूच्या देहधारणेपासून वर्षे मोजायला घेतली. चालू वर्ष ५२५वे आहे हे त्याने कशावरून ठरवले, ते मात्र त्याने सांगितले नाही. पुढे इंग्लंडमधल्या बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात हीच मोजणी वापरली आणि ती युरोपात रुळत गेली.

या मोजणीत शून्य वर्ष नाही. इ.स.पू. १ संपले की थेट इ.स. १ लागते. तेव्हा जन्म इ.स.पू. ५ मधला धरला, तर येशूच्या जन्माला दोन हजार वर्षे १९९६ मध्येच पूर्ण झाली होती.

हेरोदाचा मृत्यू आणि चंद्रग्रहण

मत्तय सांगतो की येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता. लूकची कथाही हेरोदाच्याच काळात सुरू होते. म्हणजे हेरोद कधी मेला हे कळले की जन्माची शेवटची मर्यादा कळली.

ती कळते योसेफस या यहूदी इतिहासकारामुळे. हेरोदाच्या मृत्यूच्या थोडे आधी चंद्रग्रहण झाले आणि मृत्यूनंतर लवकरच यहूद्यांचा वल्हांडण सण आला, असे तो लिहितो. इ.स.पू. ४ च्या १३ मार्चला असे ग्रहण झाले होते आणि त्या वर्षीचा वल्हांडण त्यानंतर महिनाभरात होता. हेरोदाच्या मुलांच्या कारकिर्दींची वर्षे मागे मोजत गेले तरी आकडा इ.स.पू. ४ लाच येऊन थांबतो. काही अभ्यासक इ.स.पू. १ मधल्या ग्रहणाची बाजू मांडतात, पण मुलांच्या कारकिर्दींचा हिशेब त्यांना अवघड जातो.

त्यातच मत्तयाने आणखी एक सूत्र दिले आहे. हेरोदाने बेथलेहेमातली दोन वर्षे आणि त्याखालची मुले मारण्याचा हुकूम दिला, तोही तारा पाहून बाळाच्या शोधात आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांकडून ताऱ्याची वेळ नीट विचारून घेऊन. मूल तोवर दोन वर्षांपर्यंतचे झाले असण्याची शक्यता त्याने धरली होती. म्हणून जन्म इ.स.पू. ६ पर्यंत मागे नेला जातो.

शिरगणतीचा दहा वर्षांचा पेच

सगळ्यात अवघड गाठ लूकने घातली आहे. योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेले ते शिरगणतीसाठी, आणि ती झाली क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना, असे तो सांगतो. क्विरीनियची शिरगणती इतिहासाला ठाऊक आहे. हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत करून रोमने यहूदिया प्रांत स्वतःच्या ताब्यात घेतला, तेव्हा कर बसवण्यासाठी ती झाली आणि गालीलकर यहूदाने तिच्याविरुद्ध बंड पुकारले. पण ते साल आहे इ.स. ६. म्हणजे हेरोदाला जाऊन दहा वर्षे झाल्यावर!

या दहा वर्षांवर पूल बांधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. कोणी म्हणाले, क्विरीनियने आधीही एकदा सूरियात अधिकार चालवला असेल. कोणी म्हणाले, लूकला त्याच्या आधीची शिरगणती अभिप्रेत आहे. इ.स. २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या तेर्तुलियनने तर शिरगणतीचे श्रेय सातुर्निनस या वेगळ्याच सुभेदाराला दिले, आणि हा सुभेदार हेरोदाच्या हयातीत खरोखर सूरियात होता. बहुतेक इतिहासकार मात्र सरळ म्हणतात की लूककडून दोन घटना एकत्र झाल्या. मलाही हेच पटते, आणि त्यामुळे लूकवरचा विश्वास उडायचे कारण दिसत नाही. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट कागदपत्रांविना सांगणाऱ्या माणसाला त्या प्रांतातली सर्वांत गाजलेली शिरगणती आठवावी, हे समजण्यासारखे आहे.

मेंढपाळ आणि मागी यांची भेट झालीच नाही

वसईपासून गोव्यापर्यंत नाताळच्या गोठ्यांत मेंढपाळ आणि तीन राजे शेजारी शेजारी उभे असतात. शुभवर्तमानांत ते एकमेकांना भेटत नाहीत. मेंढपाळ लूकमध्ये येतात, जन्माच्या रात्री, गव्हाणीपाशी. मागी मत्तयात येतात, आणि येतात ते घरात. ते तीन होते असेही मत्तय म्हणत नाही. भेटवस्तू तीन होत्या, म्हणून माणसे तीन झाली.

दोन्ही कथा जोडू पाहणाऱ्यांचा नेहमीचा क्रम असा: जन्म, मेंढपाळ, चाळिसाव्या दिवशी मंदिरात अर्पण, पुन्हा बेथलेहेम, मग मागी, मिसरात पलायन आणि शेवटी नासरेथ. अडचण एवढीच की लूक मंदिरानंतर कुटुंबाला थेट नासरेथला पाठवतो.

ताऱ्याचा माग केप्लरने काढला. इ.स.पू. ७ मध्ये गुरू आणि शनी यांची मीन राशीत एकाच वर्षात तीनदा युती झाली होती, ती त्याने गणिताने मागे जाऊन शोधली. येशूच्या जन्मवर्षावर त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि प्रचलित सन काही वर्षे चुकलेला आहे असे ठामपणे मांडले. साल होते १६१४.

अठरा वर्षांचे मौन

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांशी बोलत बसतो. हा प्रसंग एकट्या लूकमध्ये आहे. त्यानंतर थेट तिशीतला येशू दिसतो. मधल्या काळाबद्दल चौघेही गप्प आहेत.

ही जागा भरून काढायला १८९४ मध्ये निकोलस नोतोविच हा रशियन प्रवासी पुढे आला. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला येशूच्या भारतातल्या वास्तव्याचे हस्तलिखित मिळाले, असा त्याचा दावा होता. पुस्तक धडाक्याने खपले. वर्षभरात आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला जाऊन आले. असा ग्रंथ मठात नाही आणि कधी नव्हता, असे तिथल्या प्रमुख लामांनी त्यांना स्पष्ट सांगितले. तरीही ती कथा आपल्याकडे अजून फिरते.

एकच वाक्य, सात सत्ताधारी

शिरगणतीत अडखळलेला लूक तिसऱ्या अध्यायात मात्र कमाल करतो. बाप्तिस्मा करणारा योहान उपदेश करू लागला त्या वर्षी कोण कुठे सत्तेवर होते, याची यादीच तो देतो: तिबिर्य कैसराचे पंधरावे वर्ष, यहूदियात पंतय पिलात, गालीलात धाकटा हेरोद, शिवाय फिलिप आणि लुसनिय, आणि मुख्य याजकांत हन्ना आणि कयफा. चारही शुभवर्तमानांत एखाद्या घटनेला राजाच्या कारकिर्दीचे वर्ष एवढ्या एकाच ठिकाणी जोडलेले आहे. ऑगस्टस इ.स. १४ च्या १९ ऑगस्टला वारला, त्यावरून तिबिर्याचे पंधरावे वर्ष इ.स. २८-२९ च्या आसपास येते. वर्षाची सुरुवात कुठून धरायची यावर महिने पुढेमागे होतात. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात सापडला.

शुभवर्तमानकार योहानाचा आकडा अगदी वेगळ्या वाटेने येतो. मंदिर बांधायला शेहेचाळीस वर्षे लागली, असे त्याच्या कथेत लोक येशूला सुनावतात. हेरोदाने मंदिराचे काम इ.स.पू. २०-१९ मध्ये काढले. त्यात शेहेचाळीस मिळवा, इ.स. २७-२८ येते. दोन लेखक, दोन निरनिराळे धागे, आणि उत्तर जवळपास तेच! या सगळ्या शोधात मला सर्वांत आनंद देणारी जागा हीच.

वयाचा घोळ मात्र योहानाच्याच दुसऱ्या एका वाक्याने झाला. विरोधक येशूला म्हणतात की अजून तुला पन्नास वर्षेही झाली नाहीत. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपांनी ते शब्दशः घेतले आणि येशू पन्नाशीच्या जवळ पोचला होता असा निष्कर्ष काढला. लूक तर सेवाकार्याच्या सुरुवातीला वय सुमारे तीस सांगतो.

एक वर्ष की तीन?

येशूचे कार्य किती काळ चालले? मत्तय, मार्क आणि लूक वाचले तर प्रौढ येशूच्या आयुष्यात एकच वल्हांडण येतो, तो शेवटचा. सगळे वर्षभरात उरकले असे वाटते, आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट तसेच मानत असे. योहान मात्र तीन वल्हांडण सांगतो. म्हणजे किमान दोन वर्षे, आणि एका निनावी सणाला वल्हांडण मानले तर तीन.

या वादात साक्ष दिली ती गवताने. येशूने पाच हजारांना भाकरी वाटल्या तेव्हा लोकांना हिरव्या गवतावर बसवले, असे मार्क जाता जाता सांगतो. त्या प्रदेशात गवत हिरवे असते ते पावसाळी हिवाळा संपताना, वसंतात. पुढे उन्हाने सगळे पिवळे पडते. आणि हाच प्रसंग सांगताना योहान म्हणतो की वल्हांडण जवळ आला होता. वल्हांडण वसंतातलाच सण. मार्कला सणाची आठवण नाही, पण गवताचा रंग त्याने टिपून ठेवला. शिवाय मार्कमध्येच त्याआधी शिष्य शेतातून जाताना कणसे मोडून खातात. म्हणजे तो एक सुगीचा हंगाम आणि नंतरचा हा हिरवा वसंत. मार्कच्या वर्षभराच्या वाटणाऱ्या कथेत एकाहून अधिक वर्षे दडलेली आहेत, हे त्यावरून उमगते.

मंदिरातली चौरंग-उलथणी: सुरुवातीला की शेवटी?

येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवले. हा प्रसंग तिघे शेवटच्या आठवड्यात सांगतात, योहान अगदी सुरुवातीला. येशूने शापलेले अंजिराचे झाड मत्तयात तत्काळ वाळते, मार्कमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेले दिसते. सैतानाने येशूला घातलेल्या मोहाच्या तीन प्रसंगांपैकी शेवटचे दोन मत्तय आणि लूक उलट क्रमाने देतात.

सर्वांत गोड जागा लूकमध्ये आहे. नासरेथच्या सभास्थानातला प्रसंग मार्क बराच उशिरा सांगतो. लूकने तो उचलून कार्याच्या आरंभाला आणला. पण त्यातच येशू गावकऱ्यांना म्हणतो की कफर्णहूमात केलेल्या गोष्टी इथेही कर, असे तुम्ही मला म्हणाल. वाचक थबकतो, कारण लूकच्या कथेत येशू अजून कफर्णहूमला गेलेलाच नाही! प्रसंग हलवला आणि जुना टाका उसवायचा राहिला.

जुन्या ख्रिस्ती लोकांना हे दिसत नव्हते असे मुळीच नाही. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे बिशप पापियस यांनी लिहून ठेवले की मार्कने येशूचा शिष्य पेत्र याच्या आठवणी अचूक लिहिल्या, पण क्रमाने नव्हे. पेत्र गरजेप्रमाणे शिकवायचा, सलग हकिकत सांगायचा नाही, हे कारणही त्यांनी दिले. आजचा विद्वान पानेच्या पाने लिहून जिथे पोचतो, तिथे पापियस कधीच उभे होते. शुभवर्तमानकार रोजनिशी लिहीत नव्हते. कोणता प्रसंग कशाशेजारी ठेवला म्हणजे येशू कोण ते कळेल, हे ते ठरवत होते.

चारांचे एक करण्याचा हट्ट

इ.स. १७० च्या सुमारास तातियन या सूरियातल्या लेखकाने चारही शुभवर्तमाने कापून, गुंफून एक सलग चरित्र केले. सिरियाक भाषेच्या चर्चमध्ये ते दोनशेहून अधिक वर्षे भक्तिभावाने वाचले गेले. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपांनी त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने दिली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. एकसंध, बिनटाक्यांची गोष्ट हाताशी असताना चर्चने चार न जुळणाऱ्या साक्षी जपल्या.

चौथ्या शतकात युसेबियसने कापाकापी न करता वाट काढली. परिच्छेदांना क्रमांक देऊन त्याने दहा तक्ते केले. कुठला प्रसंग चौघांत आहे, कुठला तिघांत, कुठला एकट्यात, ते एका नजरेत कळू लागले.

आणि मग आला आन्द्रेआस ओसियान्डर. १५३७ मध्ये या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने हट्ट धरला की कोणाच्याही क्रमाला धक्का लावायचा नाही. दोन वर्णनांत फरक असेल तर घटनाच दोनदा घडली असे समजायचे. त्यामुळे येशूने मरणातून उठवलेल्या याईराच्या बिचाऱ्या मुलीला एकाहून अधिक वेळा मरून उठावे लागले. हाच ओसियान्डर पुढे १५४३ मध्ये कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री ग्रंथाला निनावी प्रस्तावना लिहिणार होता.

चार साक्षींची एक सलग कथा करण्याचे काम मराठीतही झाले, आणि तेही ओवीत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. त्याच्या दहा हजारांहून अधिक ओव्यांतले दुसरे पुराण येशूच्या चरित्राचे आहे. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. १९१९ मध्ये ते गेले आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. पद्यात चरित्र सांगायचे तर कोणता प्रसंग आधी आणि कोणता नंतर, हे कवीला ठरवावेच लागते.

शेवटचा आठवडा आणि पौर्णिमेचा हिशेब

वर्षांच्या वर्षे भर्रकन सोडून देणारे हे लेखक शेवटच्या आठवड्यात एकदम सावकाश होतात. मार्कच्या सोळा अध्यायांपैकी सहा या आठवड्याचे. योहानाचे तेरा ते एकोणीस हे सात अध्याय तर एका संध्याकाळचे आणि दुसऱ्या दिवसाचे.

आणि घड्याळ इतके जवळ आल्यावर मोठा मतभेद उघडा पडतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते, म्हणजे वधस्तंभाचा दिवस सणाचा. योहानाच्या मते मृत्यू झाला तो सणाच्या आदल्या दिवशी, मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जात होती तेव्हा. वार मात्र चौघांचाही शुक्रवारच.

यहूदी महिना चंद्राचा, आपल्या पंचांगासारखाच. त्या काळी चंद्रकोर दिसली की महिना सुरू, चौदाव्या-पंधराव्याला पौर्णिमा, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून अधिक महिना. म्हणून वल्हांडण बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे येतो. फरक एक मोठा: आपली तिथी सूर्योदयाला धरतात, त्यांचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. त्यामुळे गुरुवारी रात्रीचे भोजन आणि शुक्रवारी दुपारचा मृत्यू हे यहूदी गणनेत एकाच दिवसाचे ठरतात.

आता गणित सोपे होते. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा पिलात इ.स. २६ ते ३६ सत्तेवर होता. त्या वर्षांत निसान महिन्याची १४ तारीख, म्हणजे योहान सांगतो तो कोकरे कापण्याचा दिवस, शुक्रवारी कधी आली? दोन दिवस पुढे येतात: ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. न्यूटनने हे गणित केले, पण मान्यता दिली २३ एप्रिल ३४ ला. शिष्यांनी कणसे खाल्ली तेव्हा धान्य पिकलेले होते, म्हणजे त्या वर्षी वल्हांडण उशिरा आला असणार, असा त्याचा युक्तिवाद. गुरुत्वाकर्षण मांडणारा माणूस शुभवर्तमानातल्या कणसांवर विचार करत बसला होता!

१९८३ मध्ये कॉलिन हम्फ्रीज आणि ग्रेम वॉडिंग्टन यांनी 'नेचर' या नियतकालिकात ३ एप्रिल ३३ ची बाजू मांडली. त्या संध्याकाळी यरुशलेममध्ये चंद्र उगवला तो ग्रहण लागलेला, असे त्यांचे गणित. ते ग्रहण साध्या डोळ्यांना जाणवण्याइतके होते का, यावर खगोलशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. येशूच्या मृत्यूआधी पडलेल्या दुपारच्या तीन तासांच्या अंधाराला मात्र सूर्यग्रहण म्हणताच येत नाही. सूर्यग्रहण अमावास्येला होते आणि वल्हांडण पौर्णिमेचा. शिवाय खग्रास अवस्था कुठल्याही एका ठिकाणी साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही. पौर्णिमेचा मुद्दा तिसऱ्या शतकातच युलियस आफ्रिकानसने मांडला होता.

तासांतही जुळणी नाही. मार्कनुसार वधस्तंभावर चढवले तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. योहानाच्या कथेत सहाव्या तासाला, भर दुपारी, येशू अजून पिलातासमोरच उभा आहे. काही जुन्या नकलाकारांना हे इतके खुपले की त्यांनी योहानात सहाच्या जागी तीन लिहून टाकले.

पुनरुत्थानानंतरचे कोडे तर एकाच लेखकाचे आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा शेवट वाचला तर पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण एकाच दिवशी घडल्यासारखे वाटते. त्यानेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या आरंभी मधे चाळीस दिवस आहेत.

मग साल कोणते?

मला ३० हे साल जास्त पटते. योहानाचे शेहेचाळीस वर्षांचे वाक्य पहिल्या वल्हांडणाचे आहे, तो इ.स. २८ चा धरता येतो. तिथून योहानाच्याच मोजणीने तिसरा वल्हांडण येतो इ.स. ३० चा, आणि त्या वर्षी निसानची १४ शुक्रवारीच होती. ३३ च्या बाजूचे लोकही थोडे नाहीत. २०२५ च्या ज्युबिली वर्षाची घोषणा करताना पोप फ्रान्सिस यांनी तारणाच्या द्विसहस्राब्दीचे वर्ष म्हणून २०३३ चा उल्लेख केला होता. पण योहानाचा हिशेब खरा असेल, तर पहिल्या ईस्टरला दोन हजार वर्षे त्याआधी तीन वर्षे, २०३० मध्येच पूर्ण होतात, आणि त्या वर्षीचा ईस्टर २१ एप्रिलला आहे.